‘इथं सही करा’: पालक सहभाग आपण मोजतो कसा?

विशेष शिक्षणावरचे मराठीतले प्रबंध आणि लघुप्रबंध एकापाठोपाठ एक वाचायला घेतले, की शेवटच्या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटतं. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण आशय तोच: ‘पालकांमध्ये जागृतीचा अभाव आढळून आला. तरी शाळांनी पालक प्रबोधन शिबिरे घ्यावीत.’ शाळा बदलते, जिल्हा बदलतो, अपंगत्वाचा प्रकार बदलतो, वाक्य बदलत नाही. पन्नास पालक घेतले काय आणि दोनशे घेतले काय, पालक उदासीनच निघतात.

एखादा निष्कर्ष इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी इतका सारखा यायला लागला, की संशोधकानं आधी आपल्या मोजपट्टीकडे बघावं. आजची पोस्ट त्या मोजपट्टीबद्दल आहे. विषय कोरडा वाटेल, पण या वाक्याचं पुढं काय होतं ते बघा. ते शाळेच्या अहवालात जातं, प्रशिक्षणाच्या स्लाइडवर जातं आणि शेवटी एखाद्या आईला तोंडावर ऐकवलं जातं: ‘तुम्हीच लक्ष देत नाही, मग आम्ही तरी काय करणार?’ मूल जिथं होतं तिथंच राहतं, आणि दोष कुणाचा हे संशोधनानं आधीच ठरवून दिलेलं असतं.

सहा प्रकार आणि एक दूध डेअरी

पालक सहभागावरच्या बहुतेक प्रश्नावल्यांचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं. अमेरिकेतल्या जॉइस एप्स्टाइन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी शाळा, कुटुंब आणि समाज यांच्या भागीदारीचे सहा प्रकार मांडले. मुलाचं संगोपन, शाळेशी संवाद, शाळेत स्वयंसेवा, घरी अभ्यास घेणं, शाळेच्या निर्णयात भाग आणि समाजाशी सहकार्य. १९९५ च्या त्यांच्या लेखानंतर ही चौकट जगभर पसरली. चौकट म्हणून ती वाईट नाही. एप्स्टाइन यांचा रोख पालकांपेक्षा शाळेवर जास्त होता: या सहा दिशांनी शाळेनं काय करायला हवं, हा त्यांचा प्रश्न.

आपल्याकडे येताना तो रोख उलटा झाला. शाळेनं काय करावं याची यादी पालकांनी काय केलं याची परीक्षा बनली. प्रश्नावलीत विधानं येतात ती या धर्तीची: मी शाळेच्या सभांना नियमित हजर असतो. मी पाल्याचा अभ्यास रोज घेतो. मी शिक्षकांना स्वतःहून भेटतो. पुढं पाच रकाने, ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत. बेरीज केली की सहभागाची पातळी निघते: उच्च, मध्यम, निम्न.

आता ही पट्टी आपल्या जिल्ह्यात लावून बघू. समजा राधानगरीकडच्या एका वाडीतली बाई आहे. दोन म्हशी. पहाटे धार काढून डेअरीला दूध, संध्याकाळी परत तेच. मधल्या वेळात रान. मुलगा बौद्धिक दिव्यांग. पालकसभा शनिवारी सकाळी अकराला. एसटी चुकली की सभा चुकली. इचलकरंजीत यंत्रमागावर पाळीत काम करणारा बाप घ्या, नाहीतर शिरोलीच्या फाउंड्रीतला घ्या, गणित तेच. उसाचा हंगाम सुरू झाला की तर विचारूच नका. या सगळ्यांच्या सहभागाची पातळी ‘निम्न’.

तीच बाई मुलाला रोज संध्याकाळी डेअरीला सोबत नेत असेल. किटली धरायची कशी, रांगेत उभं राहायचं कसं, आपला नंबर आला की पुढं कसं व्हायचं, हे तो वर्षभरात शिकला असेल. विशेष शिक्षणाच्या पुस्तकात याला ‘दैनंदिन जीवनकौशल्ये’ म्हणतात आणि त्यावर अख्खं प्रकरण असतं. पण ‘घरी अभ्यास घेता का?’ या प्रश्नाला ती ‘नाही’च म्हणणार. तिच्या लेखी अभ्यास म्हणजे वही.

म्हणजे पट्टीनं सहभाग मोजलाच नाही. वेळ, एसटी आणि वही मोजली. आणि त्यातून जो आकडा आला त्याला ‘पालकांची वृत्ती’ असं नाव दिलं.

बैठकीआधीच लिहिलेला आराखडा

विशेष शिक्षणात पालकांचा प्रश्न साध्या शाळेपेक्षा वेगळा का आहे, ते इथं सांगायला हवं. साध्या शाळेत अभ्यासक्रम सगळ्यांना एक असतो. पालकांनी भाग घेतला काय, नाही घेतला काय, इयत्ता पाचवीचं गणित तेच राहतं. विशेष शिक्षणात मात्र प्रत्येक मुलाचा स्वतंत्र आराखडा करायचा असतो. वैयक्तिक शिक्षण आराखडा, शाळेच्या बोलीत ‘आयईपी’. या मुलानं येत्या सहा महिन्यांत, वर्षभरात काय शिकायचं, हे त्यात ठरतं. शर्टाची बटणं लावायची की अक्षरं गिरवायची? पैसे ओळखायचे की रंग ओळखायचे? वेळ थोडा असतो, त्यामुळं एक घेतलं की दुसरं मागं पडतं. हा निर्णय त्या घराचं पुढचं आयुष्य घडवणारा असतो. म्हणून इथं पालक सहभागाचा खरा अर्थ एवढाच, की हा निर्णय कोण घेतं.

अमेरिकेनं १९७५ च्या कायद्यात ही गोष्ट सरळ लिहिली. आराखडा ठरवणाऱ्या बैठकीत पालक हे सदस्य, त्यांना कळवल्याशिवाय महत्त्वाचे बदल नाहीत, आणि पटलं नाही तर दाद मागायची सोय. कागदावर झकास. पुढं पाचच वर्षांत, १९८० साली, सू गोल्डस्टाइन आणि सहकाऱ्यांनी अशा मोजक्या बैठकांमध्ये प्रत्यक्ष बसून कोण किती बोलतं याची नोंद केली. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात प्रामाणिक अभ्यास, कारण त्यांनी पालकांना फॉर्म देऊन घरी पाठवलं नाही, समोर काय घडतंय ते लिहून घेतलं.

काय दिसलं? बैठक सरासरी अर्ध्या तासाहून थोडी जास्त. त्यात पालकांचं बोलणं पाव हिश्श्यापेक्षाही कमी. नेहमीचं दृश्य असं, की शिक्षिका आधीच तयार केलेला आराखडा आईला समजावून सांगते आहे. आणि नंतर विचारलं तेव्हा पालक म्हणाले, आम्ही समाधानी आहोत.

हे शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलंय. समाधानाची प्रश्नावली तेवढी दिली असती तर अहवालात ‘सहभाग उत्तम’ असं आलं असतं. आपल्याकडे नेमकी तेवढीच दिली जाते. सही आहे, समाधान आहे, म्हणजे सहभाग आहे. पण सही कशावर आहे? तयार कागदावर.

आपल्याकडच्या फाइलचीही तऱ्हा बघा. शासनाच्या समावेशित शिक्षणात मुलाला शाळेत ने-आण करणाऱ्यासाठी मदतनीस भत्ता असतो आणि बहुतेक घरांत ही मदतनीस म्हणजे आईच. म्हणजे त्या फाइलीत आईची सही भत्त्याच्या कागदावर असते, सभेच्या हजेरीवर असते, साहित्य मिळाल्याच्या पावतीवर असते, आराखड्याच्या तळाशी असते. तिनं काय सांगितलं, हे लिहायला मात्र बऱ्याचदा जागाच ठेवलेली नसते. मराठीत आपण ‘सहभाग’ हा शब्द फार सैल वापरतो. भाग घेणं वेगळं, वाटा मिळणं वेगळं. तमाशाला बसलेला प्रेक्षकही एका अर्थानं भाग घेतोच.

‘तुम्ही शिकलेले, तुम्हाला कळतं’

१९८२ साली अॅन आणि रदरफोर्ड टर्नबुल या दांपत्यानं पालक सहभागाच्या या धोरणाची झडती घेणारा लेख लिहिला. हे दोघं संशोधक तर होतेच, शिवाय स्वतः एका दिव्यांग मुलाचे आईबाप. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कायद्यानं गृहीत धरलंय की प्रत्येक आईबापाला निर्णय घेणारा व्हायचंय. काहींना तसं नको असतं. चोवीस तास मुलाचं करणाऱ्या माणसाला निदान शाळेच्या वेळात सुटका हवी असते, आणि त्यात गैर काही नाही. किती सहभागी व्हायचं याची निवड पालकांची असावी.

हा लेख मला पटतो आणि खुपतोही. पटतो, कारण ‘चांगली आई’ नावाचं जे ओझं आपण तयार केलंय त्याला तो धक्का देतो. ‘चौकट राजा’ मधली सुलभा देशपांडेंची आई आठवा. मराठी माणसाच्या मनात अशा मुलाची आई म्हणजे ती, सगळं आयुष्य मुलाभोवती गुंडाळून घेतलेली. त्या प्रतिमेपुढं ‘मला आज शाळेत यायला जमणार नाही’ म्हणणारी बाई आपोआप कमी ठरते.

खुपतो तो अशासाठी, की ‘पालकांची निवड’ हे फार सोयीचं कारण होऊ शकतं. जिला कधी विचारलंच नाही तिच्या गप्प बसण्याला निवड म्हणायचं का? इथं अॅनेट लारो यांचं ‘होम अॅडव्हान्टेज’ हे १९८९ चं पुस्तक मदतीला येतं. त्यांनी दोन शाळा बघितल्या, एक कामगार वस्तीतली, एक सुस्थितीतल्या लोकांची. पालकांकडून शिक्षकांच्या अपेक्षा दोन्हीकडे साधारण सारख्याच होत्या. पण कामगार आईबाप शिक्षण ही शिक्षकाची जबाबदारी मानत होते आणि त्यात हात घालायला कचरत होते. सुस्थितीतले आईबाप शिक्षकाला प्रश्न विचारत, बदल मागत, आणि ते त्यांना मिळतही होतं. लारो यांचा मुद्दा असा, की पहिल्या गटाला मुलांची काळजी कमी नव्हती. शाळेशी बोलायची जी भाषा शाळेला चालते, ती त्यांच्याकडे नव्हती.

‘बाई, तुम्ही शिकलेले, तुम्हाला जास्त कळतं. तुम्ही म्हणशीला तसं.’ हे वाक्य ऐकलं नाही असा शिक्षक आपल्या जिल्ह्यात सापडायचा नाही. प्रश्नावली त्याला ‘शाळेवर विश्वास’ या खात्यात टाकते, नाहीतर ‘उदासीनता’ या खात्यात. दोन्ही चूक असू शकतं. माया कल्याणपूर आणि बेथ हॅरी यांनी १९९९ च्या ‘कल्चर इन स्पेशल एज्युकेशन’ या पुस्तकात दाखवलंय, की अमेरिकेच्या विशेष शिक्षण कायद्यामागे समानता, व्यक्तीचे हक्क आणि निवड अशी ठरावीक मूल्यं आहेत, आणि ज्या घरांत तज्ज्ञाशी बरोबरीनं वाद घालायची रीतच नाही त्यांना ही बैठकीची पद्धत परकी वाटते. हे अमेरिकेतल्या स्थलांतरित आणि अल्पसंख्य कुटुंबांबद्दल लिहिलंय, पण आपल्याकडे तर बाई-गुरुजींपुढं आवाज चढवायचा नसतो हे लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळं फक्त खुर्ची दिली म्हणजे बोलणं येईल असं नाही. आणि खुर्चीच दिली नाही तर प्रश्नच मिटला.

आपल्या कायद्यात खुर्ची आहे, पण भलत्याच खोलीत

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं या वंचित गटाच्या व्याख्येत आली. म्हणजे कागदावर दिव्यांग मुलाची आई समितीत बसू शकते. पण ती समिती काय करते? शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा, अनुदानाचा हिशेब. वर्गखोलीचं छत गळतंय का, पोषण आहार ठीक आहे का. एका मुलाच्या वैयक्तिक आराखड्याबद्दल बोलायची ती जागाच नाही. त्यात अनुदानित शाळांमध्ये तर ही समिती फक्त सल्ला देणारी.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ बघा. कलम १६ आणि १७ मध्ये शाळांची आणि शासनाची कर्तव्यं एकेक करून दिली आहेत: प्रवेश नाकारू नये, इमारत सुगम असावी, गरजेप्रमाणे वैयक्तिक आधार द्यावा, मुलाच्या प्रगतीवर लक्ष ठेवावं, प्रवासाची सोय करावी, परीक्षेत सवलती. चांगली यादी आहे. तिच्यात ‘पालकांसोबत बसून आराखडा ठरवावा’ हे कर्तव्य नाही. म्हणजे आपल्याकडे आराखडा होतो, सही होते, पण त्या सहीला कायद्याचं फारसं बळ नाही. ‘मला हे पटत नाही, मी सही करणार नाही’ असं एखाद्या बापानं म्हटलं तर पुढं काय? अमेरिकेत या प्रश्नाला चांगलं-वाईट का होईना पण उत्तर आहे. आपल्याकडे हा प्रश्न विचारायची वेळच येत नाही, कारण सही नाकारता येते हे त्या बापाला कुणी सांगितलेलं नसतं.

एक जुनी गोष्ट इथं आठवते. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. दंडाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण त्या सौद्याची दुसरी बाजू लक्षात घ्या. दरबारानं पालकाला एवढंच सांगितलं, की मूल पाठव. शिकवायचं काम दरबाराचं, पैसा दरबाराचा. पालकाकडून त्यानं अभ्यास घ्यायची अपेक्षा केली नाही. निरक्षर आईबापाच्या पोराला शिकायचा हक्क मिळवून द्यायचा तर दुसरा मार्गच नव्हता.

आता याच मातीत शंभर वर्षांनंतरची ‘गृहाधारित शिक्षण’ ही सोय बघा. २०१२ च्याच दुरुस्तीत बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडायचा हक्क दिला गेला. अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी ही सोय हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण व्यवहारात विशेष शिक्षक ठरावीक दिवसांनी घरी येणार, काय करायचं ते दाखवणार, आणि मधले सगळे दिवस करायचं ते आईनं. मुलाचं नाव पटावर शाळेत, मूल घरात, शिक्षिका कोण तर आई, तीही बिनपगारी आणि बिनप्रशिक्षित. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, या घरच्या शिक्षणाची परिणामकारकता तपासली जाईल असं म्हटलंय. दिव्यांग मुलांचं शिक्षण ही शासनाची जबाबदारी आहे असंही म्हटलंय, आणि त्याच वाक्यात पालकांना तंत्रज्ञानाच्या मदतीनं तयार करून मुलांच्या शिकण्याला हातभार लावायला सक्षम करू, असंही. माझं वाचन असं, की वाक्याचा पहिला अर्धा भाग शोभेला राहण्याची आणि दुसरा तेवढा अमलात येण्याची शक्यता जास्त. दुसरा स्वस्त पडतो.

‘घरी अभ्यास घेणं’ हा एप्स्टाइन यांचा चौथा प्रकार इथं सहभाग उरत नाही. तो कामाचं हस्तांतर बनतो. आणि आपली पट्टी त्याला गुण देते! जितकं शाळेचं काम आईनं अंगावर घेतलं, तितका तिचा सहभाग ‘उच्च’.

शिक्षकांचं काय?

ही पोस्ट वाचून विशेष शिक्षक चिडतील, आणि त्यांचं चिडणं रास्त असेल. आराखडा आधी लिहून ठेवावा लागतो, कारण दहा-बारा घरच्यांसोबत तासभर बसायला दिवस कुठला आणायचा? समावेशित शिक्षणातल्या विशेष शिक्षकाकडे एक शाळा नसते, शाळांचा पट्टा असतो. चंदगडसारख्या तालुक्यात एका शाळेतून दुसरीत जायचं म्हणजे काय, हे पावसाळ्यात जाऊन बघावं. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली रजनीशकुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक, वरच्या वर्गांना १५ मागे एक. कंत्राटावर माणसं नेमून भागवण्याऐवजी कायम पदं निर्माण करा असंही सांगितलं. त्या प्रमाणात माणसं आली तर आईसोबत बसायला वेळ मिळेल. तोवर ‘शिक्षक पालकांना विचारत नाहीत’ हा निष्कर्ष काढणंही ‘पालक उदासीन’ इतकंच आळशीपणाचं. माझा आक्षेप शिक्षकावर नाही, शिक्षकाच्या घाईला पालकांचा दोष म्हणून नोंदवणाऱ्या पट्टीवर आहे.

उदासीन म्हटलेल्यांनीच शाळा काढल्या

सगळ्यात मोठी गंमत इतिहासात आहे. महाराष्ट्रातल्या विशेष शिक्षणाचा मोठा भाग पालकांनी उभा केलेला आहे. मिठू अलूर यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती, तिच्यासाठी शाळा नव्हती म्हणून १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली. नाशिकला रजनी लिमये या शिक्षिका, मुलगा बौद्धिक दिव्यांग, त्यांनी १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर काढलं. बदलापूरची ‘आधार’ ही संस्था तर पालकांच्या संघटनेनंच उभी केली. आमच्यानंतर याचं कसं होणार, या एका प्रश्नातून. शाळा दहा ते पाच बघते, पालक चाळीस वर्षं पुढचं बघतात, हा फरक या संस्थांच्या रचनेतच दिसतो. शाळेनंतर कार्यशाळा, कार्यशाळेनंतर निवास.

या उदाहरणांचाही भाबडेपणानं वापर करू नये. हे पालक शिकलेले होते, बोलणारे होते, मंत्रालयापर्यंत जाऊ शकणारे होते. लारो यांच्या दुसऱ्या शाळेतले म्हणा ना. त्यांच्या कर्तृत्वावरून राधानगरीच्या बाईला ‘बघा, त्यांनी केलं’ म्हणणं क्रूर होईल. आणि पालकांनी काढलेल्या संस्थाही पुढं संस्थाच होतात. पहिल्या पिढीच्या पालकांनी घटना लिहिली, तिसऱ्या पिढीचे पालक तयार फॉर्मवर सही करतात. पण एवढं नक्की कळतं, की निर्णय हातात असला तर पालक काय मागतात: वाचन-लेखनापेक्षा स्वावलंबन, प्रमाणपत्रापेक्षा पुढची सोय. हे मागणं आराखड्यात कितपत उतरतं, ते कुठल्या प्रश्नावलीत विचारलंय?

मग विचारावं तरी काय? मला सध्या असं वाटतंय, की पालकांना फॉर्म देण्याआधी आराखडेच हातात घ्यावेत. एका मुलाचा बैठकीआधीचा मसुदा आणि बैठकीनंतरचा कागद शेजारी शेजारी ठेवायचा. किती ओळी बदलल्या? त्यातल्या किती घरून आलेल्या माहितीनं बदलल्या? एकही बदलली नसेल तर त्या बैठकीत शंभर टक्के हजेरी असली तरी सहभाग शून्य. आणि डेअरीची किटली एखाद्या आराखड्यात उद्दिष्ट म्हणून आली असेल, तर ती आई एकाही सभेला आली नसली तरी तिचा वाटा तिथं आहे. कदाचित शिक्षिकेनं फोनवर पाच मिनिटं विचारलं असेल. तेवढंही पुरतं. ही पद्धत किचकट आहे, नमुना लहान राहणार, आणि ‘सार्थकता स्तर ०.०५’ असं काही लिहिता येणार नाही, हे मान्य. गाइड लोकांना ते आवडत नाही, हेही.

एक गोष्ट मात्र या पद्धतीतही निसटते. आत्तापर्यंत मी शाळा आणि पालक अशा दोघांबद्दलच लिहिलं. कोल्हापुरात बसून हा विषय लिहिताना ते खटकायला हवं. इथं १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली ती नसीमा हुरजूक यांनी, ज्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर होत्या. पालक नव्हे, तज्ज्ञ नव्हे. आणि मिठू अलूर यांची मुलगी मालिनी चिब हिनं मोठी झाल्यावर, २०१० साली, स्वतःचं पुस्तक लिहिलं, एका बोटानं टाइप करून. ‘वन लिटल फिंगर’ हे नावच त्यावरून. आईनं मुलीसाठी काय केलं ही गोष्ट आपल्याला आईकडून कळली होती. मुलीला काय हवं होतं, हे मुलीनं सांगायची वाट बघावी लागली.

ज्यांना लिहिता येत नाही, नीट बोलताही येत नाही, त्यांचं अवघड आहे. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी अठरा वर्षांनंतरही पालकत्व मागता येतं. त्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. त्या तीन जणांच्या समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी असतो, आणि कायद्यानंच घातलेली तिसरी व्यक्ती स्वतः दिव्यांग असते. शाळेत आराखड्याची बैठक चालू असते तेव्हा ज्याचा आराखडा, तो बहुतेक वेळा बाहेर व्हरांड्यात आजीच्या शेजारी बसलेला असतो. त्याला आत बोलावलं तर बैठक किती वेळ चालेल आणि कागदावरच्या किती ओळी बदलतील, हे बघायचं ठरवलंय. मसुद्याच्या तक्त्यात त्यासाठी तिसरा रकाना आखलाय. त्यात काय भरायचं, म्हणजे त्याचं हसणं, उठून जाणं, एखाद्या वस्तूकडे बोट दाखवणं हे ‘मत’ म्हणून कसं नोंदवायचं, यावर विशेष शाळांतल्या शिक्षकांनी काही वापरून बघितलं असेल तर मला जरूर कळवा.